जुन्या ब्रिटिश पेनी नाण्यांवरील सनभेद : नवोदित संग्राहकासाठी ओळख व पडताळणी

प्रस्तावना

नाणे हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते, याचे एक प्रमुख कारण त्यावरील सन होय. ताम्रपटातील किंवा शिलालेखातील मिती लावताना अभ्यासकाला शक, संवत, तिथी आणि वार यांचा मेळ घालावा लागतो. आधुनिक नाण्यावर मात्र सन चार आकड्यांत स्पष्ट दिलेला असतो. त्यामुळे नव्याने नाणी जमवू लागलेली व्यक्ती सन वाचते, वहीत नोंदवते आणि त्या नाण्याची ओळख पटली असे समजते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पेनीच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. एकाच सनाच्या दोन पेनी शेजारी ठेवल्या असता त्यांवरील आकड्यांमधील अंतर, आकड्यांचे वळण किंवा सनाखालील खूण वेगळी असल्याचे दिसून येते. काही आकड्यांच्या पोटात दुसऱ्याच आकड्याचे अवशेष आढळतात. अशा भेदांना प्रस्तुत लेखात 'सनभेद' ही संज्ञा वापरली आहे.

सनभेदांचा अभ्यास म्हणजे केवळ दुर्मीळ नाणे शोधण्याची हौस नव्हे. सनाचे आकडे टांकसाळीत प्रत्यक्ष कसे उमटवले जात होते, याचा तो पुरावा आहे. हा पुरावा वाचण्याची शिस्त नसेल तर झिजलेले, बिघडलेले किंवा मुद्दाम बदललेले नाणे दुर्मीळ म्हणून संग्रहात येते, आणि संग्राहकाच्या पैशाबरोबर त्याच्या नोंदींची विश्वासार्हताही जाते. म्हणून सनभेद कोणते, ते का निर्माण झाले आणि त्यांची पडताळणी कशी करावी, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पेनी नाण्याची थोडक्यात ओळख

जुन्या ब्रिटिश चलनपद्धतीत बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. म्हणजे एका पौंडात २४० पेन्स येत. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आले तेव्हा संपुष्टात आली आणि जुनी पेनी त्याच वर्षाच्या ३१ ऑगस्टनंतर चलनातून बाद झाली.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धातील पेनी तांब्याची, सुमारे ३४ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १८.८ ग्रॅम वजनाची होती. इ. स. १८६० मध्ये तांब्याऐवजी कांस्याचा वापर सुरू झाला. या मिश्रधातूत ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील आणि १ टक्का जस्त होते. नव्या पेनीचा व्यास सुमारे ३०.८ मिलिमीटर आणि वजन सुमारे ९.४५ ग्रॅम होते, म्हणजे जुन्या पेनीच्या जवळजवळ निम्मे. १८६० हा सन दोन्ही धातूंच्या नाण्यांवर आढळत असल्याने या सनाच्या नाण्याचे वजन व व्यास सर्वप्रथम पाहणे आवश्यक ठरते.

कांस्य पेनीचे आरेखन लिओनार्ड चार्ल्स वायन याने केले. दर्शनी बाजूवर अंबाडा घातलेली तरुण राणी आहे, तर मागील बाजूवर त्रिशूल धारण केलेली ब्रिटानिया बसलेली असून तिच्या एका बाजूस दीपगृह व दुसऱ्या बाजूस जहाज आहे. ब्रिटानियाच्या खालच्या रेषेखाली सन असतो. ही मालिका १८९४ पर्यंत चालली. १८९५ पासून वृद्ध, बुरखाधारी राणीची प्रतिमा आली आणि त्या वेळी दीपगृह व जहाज वगळण्यात आले. सातवा एडवर्ड याची नाणी १९०२ पासून आणि पाचवा जॉर्ज याची १९११ पासून सुरू होतात. सनभेदांच्या दृष्टीने अंबाड्याची मालिका सर्वांत समृद्ध आहे.

सनभेद का निर्माण झाले

नाणे पाडण्यासाठी पोलादी ठसा लागतो. मूळ ठशावरून अनेक कामचलाऊ ठसे तयार केले जात, कारण लक्षावधी नाणी पाडताना ठसे झिजत व तडकत. चित्र आणि अक्षरे मूळ ठशावरून जशीच्या तशी उतरत असत. सन मात्र दरवर्षी बदलणारा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सनाचे शेवटचे एक-दोन आकडे कारागीर प्रत्येक ठशावर स्वतंत्रपणे पंचाने ठोकून उमटवीत असे. पंच किंचित डावीकडे टेकला तर आकडा डावीकडे सरके, तो तिरका धरला तर आकडा कलता उमटे, आणि पंचाचा संच बदलला तर आकड्याचे वळणच बदले.

दुसरे कारण काटकसरीचे. ठसा तयार करणे खर्चाचे व वेळखाऊ काम होते. मागील वर्षाचा न वापरलेला ठसा शिल्लक असेल तर तो टाकून देण्याऐवजी त्यावरील जुन्या आकड्यावर नवा आकडा ठोकला जाई. खालचा आकडा पूर्णपणे बुजला नाही तर त्याच्या कडा नव्या आकड्याभोवती दिसत राहत.

तिसरे कारण कामाच्या विभागणीचे. लंडनच्या रॉयल मिंटला मागणी पुरी करता आली नाही तेव्हा बर्मिंगहॅम येथील राल्फ हीटन यांच्या टांकसाळीकडे काम सोपवण्यात आले. तेथे पाडलेल्या नाण्यांवर 'एच' हे रोमन अक्षर येऊ लागले.

सनभेदांचे प्रमुख प्रकार

अ) आकड्यांमधील अंतर : १८७५, १८७७ आणि १८७९ या सनांच्या पेनीवर 'रुंद सन' आणि 'अरुंद सन' असे भेद आढळतात. रुंद सनात चार आकडे पसरलेले असतात, अरुंद सनात ते जवळ आलेले असतात. यांपैकी १८७७ चा अरुंद सन अत्यंत दुर्मीळ आहे. १८७९ चा अरुंद सन त्या मानाने आढळण्याजोगा असला, तरी रुंद सनापेक्षा कमी मिळतो.

आ) आकड्याचे वळण : नाण्यांवरील आकडे रोमन लिपीसोबत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंकांत असतात, हे येथे ध्यानात ठेवावे. १८६४ च्या पेनीवरील चाराचे दोन प्रकार आहेत. एकात चाराची आडवी रेघ साधी संपते, तर दुसऱ्यात त्या रेघेच्या उजव्या टोकाला लहानशी उभी पट्टी असते. १९०३ च्या पेनीवरील नेहमीच्या तिनाची टोके आत वळलेली असतात. काही थोड्या नाण्यांवर मात्र तिनाचे तोंड अधिक उघडे असते. हा 'मोकळा तीन' दुर्मीळ मानला जातो. १८६२ च्या काही अत्यंत दुर्मीळ पेनींवर सनाचे आकडे नेहमीपेक्षा लहान आहेत; ते अर्ध्या पेनीच्या आकड्यांच्या मापाचे आहेत.

इ) अंकावर अंक : १८५८ च्या तांब्याच्या पेनीवर सातावर आठ ठोकल्याची उदाहरणे सहज मिळतात, म्हणून नवोदिताने अभ्यासाचा आरंभ येथून करणे सोयीचे. कांस्य पेनीत १८६५ च्या पाचाखाली तिनाचे अवशेष दिसणारी नाणी आहेत. १८६३ साठी सिद्ध केलेला ठसा दोन वर्षांनी वापरात आणल्याचे ते द्योतक होय. १८६१ च्या काही नाण्यांवर सहाच्या खाली आठाचा माग दिसतो. हे वर्ष बदलल्याचे चिन्ह नसून कारागिराने प्रथम चुकीचा पंच उचलल्याचे चिन्ह आहे.

ई) सनाखालील किंवा सनालगतची खूण : १८७४, १८७५, १८७६, १८८१ आणि १८८२ या सनांखाली 'एच' आढळते. पुढे १९१२, १९१८ व १९१९ मध्ये ही खूण सनाच्या डावीकडे आली. १९१८ व १९१९ मध्ये किंग्ज नॉर्टन येथील कारखान्यातही पेनी पाडण्यात आल्या. त्यांवर सनालगत 'के. एन.' ही अक्षरे आहेत. याखेरीज १८६३ च्या अत्यल्प नाण्यांवर सनाखाली २, ३, ४ यांसारखा बारीक आकडा असतो. तो ठशाचा क्रमांक होय. याच सुमारास ब्रिटिश सोन्या-चांदीच्या काही नाण्यांवरही ठशांचे क्रमांक येऊ लागले होते.

सनाबाहेरचे पण सनाशी जोडलेले भेद यांहून निराळे आहेत. १८६० च्या कांस्य पेनीची कड आरंभी मण्यांची व नंतर दात्यांची होती. १८९५ मध्ये 'पेनी' या शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून त्रिशुळाचे अंतर नेहमी सुमारे एक मिलिमीटर, तर दुर्मीळ प्रकारात सुमारे दोन मिलिमीटर आहे. १९०२ च्या काही नाण्यांवर समुद्राची रेषा नेहमीपेक्षा खाली आहे. हे भेद महत्त्वाचे असले तरी ते ठशाच्या चित्रातील बदल आहेत. त्यांची गणना सनभेदांत करू नये. नोंदवहीत दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने ठेवल्यास गोंधळ टळतो.

पडताळणीची पद्धत

या अभ्यासासाठी महागड्या साधनांची गरज नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने प्रकाश देणारा टेबलदिवा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढे पुरेसे आहे.

पहिली पायरी वजन व व्यासाची. मापे मूळ प्रमाणाशी जुळत नसतील तर पुढचा विचार थांबवावा आणि विसंगतीचे कारण शोधावे. दीर्घकाळ चलनात राहिलेले नाणे झिजून थोडे हलके होते. परंतु वजन जास्त भरणे किंवा व्यासात स्पष्ट तफावत असणे संशयास्पद होय.

दुसरी पायरी प्रकाशाची. समोरून पडलेल्या प्रकाशात बारीक उंचवटे दिसत नाहीत. दिवा नाण्याच्या पातळीच्या थोडाच वर ठेवावा, नाणे कडेने धरावे आणि सावकाश फिरवावे. अंकावर अंक असल्यास खालच्या आकड्याच्या कडेची सावली एखाद्या विशिष्ट कोनातच प्रकट होते. ती एकाच कोनात दिसून दुसऱ्या बाजूने प्रकाश टाकल्यावर तिचा मागमूसही राहत नसेल, तर ती डागाची किंवा गंजाची असण्याची शक्यता अधिक.

तिसरी पायरी दाते मोजण्याची. रुंद व अरुंद सन केवळ नजरेने ठरवू नये, कारण एकच नाणे हाती असताना प्रत्येक सन कधी रुंद, कधी अरुंद वाटतो. नाण्याच्या कडेवरील दाते येथे मोजपट्टीचे काम करतात. सनातील पहिल्या एकाचा पाया दात्यावर येतो की दोन दात्यांमधील फटीवर, हे पाहावे. शेवटच्या आकड्याबाबतही तसेच करावे आणि दोहोंमधील दाते मोजावेत. छायाचित्र लहान असो वा मोठे, दात्यांची संख्या बदलत नाही. त्यामुळे हाताशी असलेल्या नाण्याची तुलना ग्रंथातील किंवा लिलावाच्या सूचीतील छायाचित्राशी निःशंकपणे करता येते.

चौथी पायरी संपूर्ण नाण्याची. सनभेद एकटा येत नाही. तो दर्शनी व मागील बाजूच्या विशिष्ट ठशांच्या जोडीत आढळतो. ब्रिटिश म्युझियममधील इंग्रजी तांबे, कथील व कांस्य नाण्यांची सूची सी. विल्सन पेक यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर १९७० मध्ये मायकेल फ्रीमन यांनी कांस्य नाण्यांचे वर्गीकरण करताना दर्शनी बाजूला आकडा आणि मागील बाजूला अक्षर देण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीमुळे 'अमुक सनाचे अमुक आकड्याचे नाणे' एवढ्यावर न थांबता दोन्ही बाजूंची जोडी तपासण्याची सवय लागते.

फसवे भेद

नवोदिताची फसगत बहुधा चार कारणांनी होते. पहिले कारण झीज. झिजलेल्या नऊचे शेपूट नाहीसे होते आणि झिजलेल्या आठाचा तीन वाटू लागतो. दुसरे कारण ठशातील मळ. ठशाच्या खाचेत तेल व धातूचा कीस साचला की आकडा अर्धवट उमटतो किंवा उमटतच नाही. ही टंकनातील त्रुटी आहे. तिला वेगळ्या ठशाचे नाणे म्हणता येत नाही. तिसरे कारण आघाताच्या वेळी ठसा किंचित हलणे. त्यामुळे आकड्याला लागून सपाट, पायरीसारखी दुसरी कड दिसते. अशी कड बहुधा शेजारच्या अक्षरांनाही त्याच दिशेने असते. याउलट खरोखर दुसऱ्यांदा ठोकलेल्या आकड्याचे अवशेष गोलसर, पूर्ण उंचीकडे जाणारे आणि त्या एकाच आकड्यापुरते मर्यादित असतात.

चौथे कारण हेतुपुरस्सर केलेला बदल. येथे एक साधा नियम उपयोगी पडतो : ठशात जे खोल असते ते नाण्यावर उंच उमटते. म्हणून सनभेदाची रेषा नाण्याच्या पृष्ठापासून उंच असली पाहिजे. खोलगट रेषा हा बहुधा नाणे पाडल्यानंतरचा ओरखडा असतो.

१८८२ ची पेनी हे या दृष्टीने बोधप्रद उदाहरण आहे. त्या वर्षी नव्या यंत्रसामग्रीसाठी लंडनची टांकसाळ बराच काळ बंद होती आणि पेनी बर्मिंगहॅमला पाडण्यात आल्या. म्हणून १८८२ च्या सर्वसाधारण पेनीवर सनाखाली 'एच' असते. 'एच' नसलेली अस्सल पेनी अस्तित्वात आहे, परंतु ती अत्यंत दुर्मीळ आहे. साहजिकच 'एच' घासून किंवा खरवडून काढलेली नाणी दुर्मीळ म्हणून पुढे केली जातात. अशा नाण्याची परीक्षा करताना सनाखालील जागा आणि बाकीचे नाणे यांची झीज ताडून पाहावी. दीपगृहाच्या रेषा व कडेचे दाते ठसठशीत असताना सनाखालची तेवढी जागा गुळगुळीत, खोलगट किंवा वेगळ्या रंगाची असेल तर अक्षर काढले गेले असण्याची शंका घ्यावी. सगळेच नाणे सारखे झिजलेले असेल तर 'एच' स्वाभाविकपणे पुसले गेले असू शकते. ती जागा निर्दोष दिसली तरी काम संपत नाही. दोन्ही बाजूंच्या ठशांची जोडी अस्सल नाण्याच्या जोडीशी जुळली पाहिजे. अक्षराचा केवळ अभाव हा पुरावा होत नाही. जेथे निर्णय होत नाही तेथे नोंदवहीत 'अनिर्णित' असे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

१९३३ ची पेनीही अशीच. त्या वर्षी चलनासाठी पेनी पाडण्याची गरज नव्हती. इमारतींच्या पायाभरणीत ठेवण्यासाठी व संग्रहांसाठी मोजकीच नाणी तयार झाली. पाचव्या जॉर्जच्या इतर वर्षांच्या नाण्यांचा शेवटचा आकडा बदलून तिच्या नकला केल्या गेल्या आहेत. लीड्स परिसरातील एका चर्चच्या पायातील अशी पेनी १९७० मध्ये चोरीस गेली, यावरून या चार आकड्यांना आलेले मोल ध्यानात यावे.

नाणे स्वच्छ करण्याचा मोह

सनाचे आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून घरातील तांब्याची भांडी चिंच, लिंबू किंवा राख लावून उजळावीत तसे नाणे घासण्याचा मोह अनेकांना होतो. हे सर्वथा टाळावे. आम्लामुळे पृष्ठभागाचा जुना रंग जातो आणि घासण्यामुळे अंकाभोवतीचे सूक्ष्म उंचवटे झिजतात. ज्या अवशेषावरून पाचाखालचा तीन ओळखायचा, तोच अवशेष यात नष्ट होतो. शिवाय घासलेल्या नाण्यावर मूळची झीज व नंतरची छेडछाड यांत फरक करणे तज्ज्ञालाही कठीण जाते. सैल धूळ असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे काही काळ ठेवून मऊ कापडावर न घासता टिपून घेणे एवढेच पुरे.

भारतीय नाण्यांशी अनुबंध

ब्रिटिश पेनीवरील ही दृष्टी भारतीय संग्राहकाला आपल्या नाण्यांकडे पाहतानाही उपयोगी पडते. सनाखालील खूण ही त्याच्या परिचयाची गोष्ट आहे. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सनाखाली चौकट असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे, हे सर्वसाधारण गमक त्याला ठाऊक असते. पेनीवरील 'एच' याच जातीची खूण होय. मात्र १८८२ च्या पेनीने दिलेला इशारा येथेही लागू पडतो : खूण नसणे आणि खूण झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सन आणि प्रत्यक्ष टंकनवर्ष यांतील अंतर भारतीय नाण्यांत अधिक ठळकपणे दिसते. व्हिक्टोरिया राणीचा १८४० सनाचा रुपया त्या एकाच वर्षी नव्हे, तर पुढेही तोच सन ठेवून पाडला जात होता. १८६२ सनाचा रुपयाही त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्याच सनाने पाडण्यात आला. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर बारीक ठिपके दिले असून त्यांच्या संख्येवरून टंकनाचे वर्ष निश्चित केले जाते. पेनीवरील सनभेद ओळखू लागलेल्या संग्राहकाला १८६२ चे पाच रुपये ही पाच सारखी नाणी वाटणार नाहीत. तो आधी ठिपके मोजेल.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पेनीवरील सनभेद हे हाताने ठोकलेले आकडे, ठशांचा पुनर्वापर आणि निरनिराळ्या टांकसाळींतील कामाची विभागणी यांतून निर्माण झाले. दुसरी, ते ओळखण्यासाठी दुर्मीळ नाण्यांच्या यादीपेक्षा वजन, प्रकाश, दात्यांची मोजणी आणि ठशांची जोडी हा क्रम अधिक उपयोगाचा आहे. तिसरी, झीज, मळ, ठशाचे हलणे व छेडछाड या चार शक्यता दूर केल्याखेरीज कोणताही सनभेद मान्य करू नये.

नवोदित संग्राहकाने प्रारंभी महाग नाण्याच्या मागे न लागता एकाच सनाच्या, शक्यतो १८७५ किंवा १८७९ च्या, पाच-सहा साध्या पेनी मिळवाव्यात व त्यांवरील आकड्यांची स्थिती दात्यांच्या आधारे नोंदवावी. एकाही नाण्यात दुर्मीळ भेद सापडला नाही तरी श्रम वाया जात नाहीत. प्रत्येक ठशावर पंच टेकवणाऱ्या त्या अनामिक कारागिराचा हात त्याला ओळखू येऊ लागतो, आणि पुढे दुर्मीळ म्हणून समोर आलेल्या नाण्याविषयी 'हे अस्सल नाही' असे म्हणण्याचा अधिकारही त्याला याच सरावातून प्राप्त होतो.